भारतरत्न सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या : कामाला शिस्त लावणारा अभियंता

सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी एखाद्या थोर व्यक्तीचं चरित्र लिहून द्या, असं संपादक मंडळाने सुचवलं, तेव्हा माझ्यासमोर दुसरं नाव आलंच नाही. मी डिप्लोमा करून पाटबंधारे खात्यात लागलो आणि उपअभियंता म्हणून निवृत्त झालो. मधली चौतीस वर्षं कालवे, बंधारे आणि सरकारी वसाहतींच्या बांधकामांवर गेली. ज्या ज्या कार्यालयात मी बसलो, तिथल्या भिंतीवर एक फोटो हमखास असायचा. डोक्यावर जरीकाठी म्हैसुरी पगडी, अंगात कोट, गळ्यात टाय आणि चेहऱ्यावर करडी नजर. १५ सप्टेंबरला, म्हणजे अभियंता दिनी, त्या फोटोला हार घालायचा, पेढे वाटायचे आणि दोन-तीन भाषणं ऐकायची असा रिवाज होता.

त्या भाषणांत ठरलेल्या गोष्टी असत. सरकारी मेणबत्ती आणि घरची मेणबत्ती ही एक. रेल्वेच्या डब्यात बसल्या बसल्या पुढचा रूळ तुटल्याचं ओळखलं ही दुसरी. हल्ली त्याच गोष्टी आपल्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरही येतात. त्या खऱ्या की रचलेल्या, या वादात मी शिरत नाही. मला या माणसाची थोरवी वेगळ्याच ठिकाणी दिसते. कुदळ मारण्याआधी त्यांच्याकडे चार प्रश्नांची उत्तरं तयार असत. काम किती आहे, ते कधीपर्यंत व्हायचं आहे, ते करणारी माणसं शिकलेली आहेत का, आणि त्याचा हिशेब कोण ठेवणार? आज या विषयाला बांधकाम व्यवस्थापन म्हणतात, त्यावर पदव्या मिळतात, संशोधन होतं. त्यांच्या काळी त्याला नावसुद्धा नव्हतं.

आणि हा विषय आपल्या घरचा आहे. आपल्या इमारतींना पंचवीस वर्षं झाली, मोठी दुरुस्ती दारात उभी आहे. म्हणून हे चरित्र जरा त्या अंगाने सांगतो.

मुद्देनहळ्ळी ते पुणे

विश्वेश्वरय्यांचा जन्म तेव्हाच्या म्हैसूर संस्थानातल्या चिक्कबळ्ळापूरजवळच्या मुद्देनहळ्ळी गावचा. वडील श्रीनिवासशास्त्री संस्कृतचे पंडित. घरात विद्या होती, पैसा नव्हता. वडिलांचं छत्र लवकर हरपलं. बंगळुरूला मामांच्या आधाराने आणि मुलांच्या शिकवण्या घेऊन त्यांनी शिक्षण चालू ठेवलं. १८८१ साली सेंट्रल कॉलेजातून बी. ए. झाले. त्यानंतर म्हैसूर सरकारची शिष्यवृत्ती मिळाली आणि ते इंजिनियरिंग शिकायला पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये आले. तेच आपलं आजचं सीओईपी.

या कॉलेजचा जन्म कशासाठी झाला ते पाहण्यासारखं आहे. १८५४ साली ते सुरू झालं ते सरकारी बांधकामांवर लागणारे दुय्यम दर्जाचे जाणकार तयार करण्यासाठी. रस्ते, कालवे, इमारती यांची कामं वाढत होती आणि त्यांवर देखरेख करायला शिकलेली माणसं मिळत नव्हती. म्हणजे बांधकामाची गरज आधी आणि कॉलेज नंतर, असा तो क्रम. विश्वेश्वरय्यांनी पुढे म्हैसुरात याच क्रमाने संस्था काढल्या. त्याचं बीज पुण्यात पडलं असावं असं मला वाटतं.

१८८३ साली एल. सी. ई. च्या परीक्षेत ते मुंबई इलाख्यात पहिले आले. त्यामुळे इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात असिस्टंट इंजिनियरची जागा मिळाली आणि १८८४ साली ते नाशिकला रुजू झाले. पुढची चोवीस वर्षं त्यांनी आपल्या इलाख्याचीच नोकरी केली. कर्नाटकाचा म्हणून ओळखला जाणारा हा माणूस घडला तो नाशिक, धुळे आणि पुण्याच्या मातीत, हे आपण विसरतो.

पहिली कामं

सुरुवातीच्या कामांतलं एक खानदेशातलं. पांझरा नदीच्या एका प्रवाहाखालून नळ टाकून पाणी पलीकडे न्यायचं होतं. पाऊस लागला, पाणी चढलं, तेव्हा काम काही काळ थांबवावं असं त्यांनी वरिष्ठांना कळवलं. वरिष्ठांना ते रुचलं नाही. मग या नव्या साहेबांनी त्याच परिस्थितीत नेटाने काम पुरं करून दाखवलं. साइटवर नवीन लागलेल्या कुठल्याही इंजिनियरला हा प्रसंग ओळखीचा वाटेल. कागदावरचा कार्यक्रम आणि नदीचा कार्यक्रम एकच नसतो, हे कॉलेजात कळत नाही.

नंतर त्यांना सिंधमध्ये सक्करला पाठवलं. तेव्हा सिंध मुंबई इलाख्यातच होता. सिंधू नदीचं गढूळ पाणी गाळून गावाला द्यायचं, पण मोठे गाळणी हौद बांधायला नगरपालिकेकडे पैसे नव्हते. विश्वेश्वरय्यांनी नदीच्या पात्रातच विहीर खोदली आणि वाळूतून आपोआप झिरपून येणारं पाणी त्यात घेतलं. तिथून ते पंपाने टेकडीवर चढवलं आणि गावाला दिलं. १८९५ साली हे काम पुरं झालं. गिऱ्हाइकाची ऐपत पाहून योजना आखणं हाही इंजिनियरिंगचा भाग आहे, हे या कामातून दिसतं. फार सुंदर पण न परवडणारी योजना म्हणजे अर्धवट राहिलेली योजना!

खडकवासला आणि नीरा

पुण्यातली त्यांची कारकीर्द आपल्या सर्वांच्या जिव्हाळ्याची. आपल्या नळाला येणारं पाणी ज्या खडकवासल्याचं, तिथे तेव्हा इंग्रजांनी बांधलेलं धरण होतं. तलावाला फाइफ साहेबाचं नाव होतं. दर पावसाळ्यात सांडव्यावरून कितीतरी पाणी वाहून जाई आणि उन्हाळ्यात मात्र टंचाई. धरण उंच करावं तर खर्च मोठा, शिवाय पूर आला की जुन्या भिंतीवर भार पडणार. विश्वेश्वरय्यांनी सांडव्यावर आपोआप चालणारी दारं बसवायची युक्ती काढली. पाणी ठरावीक पातळीच्या वर चढलं की दारं आपसूक उघडायची, पूर ओसरला की मिटायची. १९०३ साली ती खडकवासल्याला बसली आणि धरणाची भिंत न वाढवता साठ्याची पातळी सुमारे आठ फुटांनी वर नेता आली. या दारांचं पेटंट त्यांच्या नावावर होतं, पण सरकारी नोकरीत असताना केलेल्या कामाचं मानधन त्यांनी घेतलं नाही. पुढे ग्वाल्हेरजवळच्या तिगरा धरणावर आणि म्हैसूरच्या कृष्णराजसागरावरही हीच दारं लागली.

माझ्या मते त्याहून अवघड काम नीरा कालव्यावरचं होतं, कारण तिथे दगड-चुना नव्हे, माणसं हाताळायची होती. कालव्याच्या तोंडाशी असलेले शेतकरी मनमुराद पाणी घ्यायचे, ऊस लावायचे, जमीन चिबडायची. शेवटच्या गावापर्यंत पाणी पोचतच नसे. विश्वेश्वरय्यांनी ब्लॉक पद्धत मांडली. गावोगावी जमिनीचे गट पाडायचे, गटात ऊस, दुसरी बागायत आणि कोरडवाहू पिकं यांची पाळी ठरवायची आणि त्याप्रमाणे मोजून पाणी द्यायचं. म्हणजे थोड्यांना भरपूर देण्याऐवजी जास्त गावांना बेताचं. सुरुवातीला मोठा विरोध झाला. ऊसवाल्यांना ते आपल्यावर गदा आल्यासारखं वाटलं, पुण्याच्या वर्तमानपत्रांतूनही टीका झाली. त्यांनी शेतकऱ्यांच्या बैठका घेतल्या, समजावून सांगितलं, करून दाखवलं. मग पद्धत रुळली, आणि दख्खनच्या कालव्यांवर पुढे कित्येक वर्षं चालली. मी स्वतः नोकरीला लागलो तेव्हा कालवा विभागात ब्लॉक हा शब्द रोजच्या बोलण्यात होता. आपल्या सोसायटीत उन्हाळ्यात टँकरच्या पाण्याची पाळी ठरवताना जी भांडणं होतात, ती पाहिली की मला नीरेचे ते शेतकरी आठवतात.

१९०६ साली एडनच्या पाणीपुरवठ्याचं आणि सांडपाण्याचं कामही त्यांच्याकडे आलं. पण सर्वांत वरची जागा हिंदी माणसाला मिळणार नाही, हे त्या काळी स्पष्ट होतं. १९०८ साली त्यांनी नोकरी सोडली. त्याच वर्षी सप्टेंबरात हैदराबादेत मुसी नदीला भयंकर पूर आला, हजारो माणसं दगावली. निजाम सरकारने त्यांना बोलावलं. त्यांनी पावसाची, पाण्याची, नदीच्या खोऱ्याची आकडेवारी गोळा केली आणि शहराच्या वर दोन मोठे जलाशय बांधायला सांगितलं. उस्मानसागर आणि हिमायतसागर ते हेच. पुढे हैदराबादकर त्यांचं पाणी प्यायले.

कृष्णराजसागर : वेळेशी शर्यत

१९०९ च्या अखेरीस ते म्हैसूरचे मुख्य अभियंता झाले. कावेरीवर कन्नंबाडीला धरण बांधायची योजना त्यांनी हाती घेतली. एकीकडे मंड्याच्या रखरखीत मुलखाला पाणी द्यायचं, दुसरीकडे शिवसमुद्रमच्या वीजघराला बारमाही प्रवाह द्यायचा. शिवसमुद्रमची वीज १९०२ पासून कोलारच्या सोन्याच्या खाणींना जात होती. अर्थखात्याचा विरोध होता, एवढा पैसा नदीत घालायचा का म्हणून. खाली मद्रास सरकारचा विरोध होता, आमचं पाणी अडवता का म्हणून. महाराज कृष्णराज वाडियार पाठीशी उभे राहिले आणि १९११ च्या नोव्हेंबरात काम सुरू झालं.

मद्रासने धरणाच्या कमी उंचीलाच संमती दिली होती. विश्वेश्वरय्यांनी पाया मात्र पुढच्या पूर्ण उंचीला पेलेल असा घेतला. आज पैसे जास्त लागले तरी उद्या पाया उकरता येत नाही, हा त्यामागचा विचार. त्यावरून भांडणही झालं, पण इतिहासाने तो निर्णय बरोबर ठरवला.

खाणींना वाढीव वीज द्यायची मुदत १९१५ च्या जुलैची होती. तोवर धरण ठरावीक उंचीला आलं नाही तर संस्थानाला करार पाळता आला नसता. साइटवर दहा हजारांवर माणसं होती. हिवतापाने मजूर आजारी पडत. सिमेंट नव्हतं, चुना आणि विटांची भुकटी मिळून केलेल्या सुर्खीत दगडी बांधकाम चाललं होतं. रात्रीसुद्धा दिव्यांच्या उजेडात पाळ्या लावून काम चालू ठेवलं. विश्वेश्वरय्या तोवर संस्थानचे दिवाण झाले होते, तरी या कामावर त्यांचं बारीक लक्ष असे. मुदत पाळली गेली. पूर्ण धरण मात्र १९३१ च्या सुमारास झालं. कन्नंबाडीसारखी गावं पाण्याखाली गेली, माणसं उठून दुसरीकडे गेली, ही त्या कामाची दुसरी बाजू. तीही चरित्रात यायला हवी.

घाईचं काम आणि वेळेत केलेलं काम यांतला फरक आपल्या पुणेकरांइतका कोणाला कळणार? १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटलं, आणि त्या लोंढ्याने खडकवासलाही फुटलं. पानशेतचं काम तेव्हा पुरं झालेलं नव्हतं. पाणी सोडायच्या नलिकेचं काम अर्धवट होतं आणि त्या अवस्थेत पावसाळ्याचं पाणी धरणात साठलं. कृष्णराजसागरावरही पावसाळ्याच्या तोंडावर दौड होती. फरक इतकाच की तिथे अर्धवट अवस्थेतही पाण्याला वाट कुठून, याचं उत्तर होतं. पानशेत फुटलं तेव्हा विश्वेश्वरय्या हयात होते, बंगळुरूला होते, वयाने शंभरीच्या घरात.

कामासाठी शाळा, शाळेसाठी काम

१९१२ ते १९१८ या दिवाणपदाच्या काळात त्यांनी जे केलं, त्याची नुसती यादी केली तरी पान भरेल. १९१३ साली बँक ऑफ मैसूर. १९१६ साली मैसूर विद्यापीठ. त्याच सुमारास चंदन तेलाचा कारखाना आणि पाठोपाठ साबणाचा. आपल्याकडे अजून न्हाणीघरात असणारा मैसूर सँडल सोप त्यातलाच. १९१७ साली बंगळुरूला इंजिनियरिंग कॉलेज. शेतीची शाळा, कारागिरांच्या शाळा वेगळ्याच.

हे सगळं सुटं सुटं नव्हतं. धरण बांधायचं तर इंजिनियर हवेत आणि दर वेळी बाहेरून किती आणणार? कारखाना काढायचा तर मिस्त्री, फिटर, हिशेबनीस हवेत, आणि त्यांना कर्ज द्यायला बँक हवी. शिक्षण, उद्योग आणि बांधकाम ही तीन चाकं एकाच गाडीची आहेत, एक अडकलं की गाडी अडकते, हे त्यांनी ओळखलं होतं. सरकारी खात्यांच्या कामाची कार्यक्षमता तपासण्याची पद्धतही त्यांनी घातली. नुसता खर्च बरोबर आहे की नाही एवढंच पाहायचं नाही, त्या खर्चात काम किती झालं तेही पाहायचं.

भद्रावतीच्या लोखंडाच्या कारखान्यात याची कसोटी लागली. कारखाना १९२३ साली सुरू झाला आणि सुरुवातीलाच तोट्यात गेला. विश्वेश्वरय्या दिवाणपद सोडून बसले होते, त्यांना अध्यक्ष म्हणून बोलावलं. १९२९ पर्यंत त्यांनी तो सांभाळला. अमेरिकन तज्ज्ञांच्या जागी हळूहळू तिथलीच माणसं शिकवून बसवली, खर्च खाली आणला. या कामाचा मोबदला म्हणून मोठी रक्कम त्यांच्या पदरी पडणार होती. ती स्वतः न घेता मुलांना हाताचं कौशल्य शिकवणारी संस्था काढायला त्यांनी लावली. बंगळुरूचं जयचामराजेंद्र पॉलिटेक्निक ते हे. संस्थेला स्वतःचं नाव नको, महाराजांचं द्या, असा त्यांचा आग्रह होता.

डिप्लोमावाला म्हणून मला याचं विशेष वाटतं. डिग्री कॉलेज काढणारे पुष्कळ असतात. गवंडी, सुतार, फिटर, ओव्हरसियर यांच्या शिक्षणाची काळजी घेणारे थोडे. बांधकाम चांगलं की वाईट, हे शेवटी थापी हातात असलेला माणूस ठरवतो.

मुंबईच्या दोन समित्या

दिवाणपद सोडल्यावर मुंबई सरकारनेही त्यांना बोलावलं. १९२१-२२ साली तंत्र व औद्योगिक शिक्षण समितीचे ते अध्यक्ष होते. मुंबईत वरच्या दर्जाचं तंत्रशिक्षण देणारी संस्था हवी अशी त्यांची भूमिका होती. समितीत एकमत झालं नाही, आणि त्यातलं बरंचसं कागदावरच राहिलं. पवईला आयआयटी उभी राहिली ती १९५८ साली.

दुसरी समिती १९२६ ची, बॅक बे चौकशीची. ही गोष्ट मी पूर्वी आमच्या नवीन ओव्हरसियर मुलांना मुद्दाम सांगत असे. मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्या काळात बॅक बेचा समुद्र हटवून १,१४५ एकर जमीन मिळवायची योजना निघाली. समुद्रात भिंत घालायची, बंदराच्या तळाचा गाळ उपसायचा आणि तो नळातून आणून भिंतीच्या आत ओतायचा. त्यासाठी मोठं उपसा जहाज आणलं, त्यालाही गव्हर्नर साहेबांचंच नाव दिलं. पण जहाजाने ठरल्याइतका गाळ उपसला नाही. तळाशी उपसण्याजोगा गाळ किती आणि कसला आहे, याचा पुरेसा तपास आधी झालेला नव्हता. वर भिंत पाझरत होती, ओतलेला गाळ भरती-ओहोटीबरोबर बाहेर जाई. खर्चाचा आकडा फुगत गेला, वर्षं सरत गेली. वीर नरिमन यांनी हे प्रकरण धसाला लावलं. त्यांच्यावर बदनामीचा खटला झाला, त्यातून ते निर्दोष सुटले. शेवटी सर ग्रिमवुड मिअर्स यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, त्यात विश्वेश्वरय्या एक सभासद होते. पुढे आठ विभागांपैकी चारच पुरे झाले, मधले चार सोडून दिले. आज आपण मरीन ड्राइव्हवर वारा खायला बसतो, ती त्या पुऱ्या झालेल्या भागातली जागा. नरिमन पॉइंटची भर त्यानंतर कितीतरी वर्षांनी पडली.

यात तज्ज्ञ नव्हते का? विलायतेतले नामांकित होते. यंत्रं, पैसा, सत्ता सगळं होतं. कमी पडलं ते पायाचं काम. तळ तपासला नाही, यंत्राच्या क्षमतेचा आकडा विश्वासावर घेतला आणि काम बिघडतंय हे कळल्यावरही वेळेत थांबलं नाही. शंभर वर्षांनंतर बांधकाम उद्योगातल्या दिरंगाईची कारणं अभ्यासणारे आजचे अभ्यासक याच गोष्टी पुन्हा लिहितात. अपुरा तपास, कच्चं अंदाजपत्रक, मध्येच बदल आणि देखरेखीला अपुरी माणसं. आपल्या देशात या विषयाचं स्वतंत्र शिक्षण देणारी निकमार ही संस्था निघाली १९८३ साली. आज तिचं मोठं आवार आपल्या पुण्यातच, बालेवाडीला आहे. आमच्या वेळी डिप्लोमात तुळईत किती सळ्या घालायच्या ते शिकवत. वीस बिगारी आणि चार गवंडी आठवड्यात किती काम करतात, हे मात्र मुकादमाकडून शिकावं लागे.

अखेरपर्यंत काम

१९३४ साली त्यांनी नियोजित अर्थव्यवस्थेवर पुस्तक लिहिलं. पंचवार्षिक योजना यायला तेव्हा बराच अवकाश होता. देशात मोटारी बनाव्यात म्हणून वालचंद हिराचंद यांच्यासारख्या उद्योगपतींबरोबर त्यांनी खटपट केली. नव्वदी ओलांडल्यावर गंगेवरच्या मोकामा पुलाची जागा ठरवायला ते बिहारात गेले. १९५५ साली भारतरत्न मिळालं. १९६० साली त्यांच्या नावाचं टपाल तिकीट निघालं, ते हयात असतानाच. त्यांच्याआधी हा मान मिळाला होता आपल्या महर्षी कर्वे यांना. त्याच वर्षी नागपुरात सुरू झालेल्या इंजिनियरिंग कॉलेजला पुढे त्यांचं नाव मिळालं, तेच आजचं व्हीएनआयटी. एप्रिल १९६२ मध्ये ते गेले.

आपल्यासाठी

आता आपल्याकडे येतो. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतींचं स्ट्रक्चरल ऑडिट पाच वर्षांतून एकदा आणि त्यापुढे तीन वर्षांतून एकदा करून घ्यायचं असतं. आपण ते केलं. गच्चीची गळती, बाहेरचा गिलावा सुटलेला, पार्किंगमधल्या काही खांबांच्या सळ्यांना गंज, हे आपल्या सर्वांना माहीत आहे. मूळ सळ्यांचे नकाशे बांधणाऱ्यांकडे मागितले, मिळाले नाहीत. पंचवीस वर्षांपूर्वी ताबा घेताना एक फाइल मागून घेतली असती तर आज खांब फोडून पाहावं लागलं नसतं, हे ऑडिट करणाऱ्या तज्ज्ञांनीच सांगितलं.

गेल्या सर्वसाधारण सभेत तीन ठेकेदारांची कोटेशनं वाचून दाखवली. सर्वांत वरची रक्कम खालच्या रकमेच्या जवळजवळ दुप्पट होती. सभेत आवाज चढले, पैसे कोण खातंय इथपर्यंत गोष्ट गेली. पण तिन्ही कागदांवर किती चौरस फूट गिलावा, किती खांब, कोणतं मटेरियल, हे कुठेच नव्हतं. मोजमाप नसेल तर स्वस्त काय आणि महाग काय, हे ठरवणार कसं? हा प्रश्न प्रामाणिकपणाचा नंतर, मोजमापाचा आधी आहे.

म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने सर्व सभासद बंधू-भगिनींना माझी विनंती आहे. आधी पात्र सल्लागाराकडून प्रत्येक बाबीचं प्रमाणपत्रक करून घेऊ आणि त्याच कागदावर सर्वांकडून दर मागवू. काम दिवाळीनंतर सुरू होऊन पावसाच्या आधी संपेल असा आठवड्यांचा तक्ता नोटीस बोर्डवर लावू, आणि मागे पडलो तर का पडलो तेही तिथेच लिहू. देखरेखीला रोज हजर राहणारा शिकलेला माणूस नेमू. त्याचा पगार वाचवणं म्हणजे गळती विकत घेणं आहे. झुल्यावर चढणाऱ्या कामगारांना पट्टे, हेल्मेट, प्यायचं पाणी देऊ. ती माणसं सुरक्षित असली तर हात नीट चालतो. आणि काम संपल्यावर मोजमाप, बिलं, चाचण्यांचे अहवाल, फोटो यांची फाइल सोसायटीच्या कपाटात ठेवू. पुढच्या पंचवीस वर्षांनी इथे राहणाऱ्यांना ती लागणार आहे.

आपल्यापैकी काही जणांची मुलं-मुली इंजिनियरिंगला आहेत, दोघं-तिघं आर्किटेक्चरला. त्यांना या कामावर उभं करा. कॉलेजात मिळत नाही ते शिक्षण त्यांना घराच्या गच्चीवर मिळेल. हवं तर मेजरमेंट बुक कसं भरायचं ते मी शिकवीन, अजून हात आणि डोळे शाबूत आहेत.

रौप्यमहोत्सवाच्या सर्व सभासदांना मनःपूर्वक शुभेच्छा. सुवर्णमहोत्सवी स्मरणिका याच इमारतींच्या गच्चीवर, कोरड्या गच्चीवर, प्रकाशित होवो.